ओपन सोर्समध्ये यायचंय? पहिल्या बगपासून मर्ज करण्याच्या हक्कापर्यंत

२००६ साली गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात, म्हणजे विद्यार्थ्यांना ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो असं) सॉफ्टवेअर लिहायला मानधन देणाऱ्या योजनेत, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्नोम डेस्कटॉपवर काम करण्यासाठी १८१ अर्ज आले. त्यांत एकही अर्ज मुलीचा नव्हता. ग्नोमच्या मंडळींनी त्याच उन्हाळ्यात खास स्त्रियांसाठी वेगळी इंटर्नशिप जाहीर केली, तर शंभराच्या आसपास अर्ज येऊन पडले आणि सहाजणींची निवड झाली. मुली होत्या, कोडही लिहीत होत्या. पहिलं बोलावणं आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं नसावं. २०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांनी हा उपक्रम पुन्हा उभा केला. २०१५ मध्ये तो सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे गेला, आणि आज तो ‘आउटरीची’ या नावाने अनेक ओपन सोर्स प्रकल्पांसाठी चालतो.

तरीही २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते आणि स्त्रिया जेमतेम ३ टक्के. ज्या ब्राउझरवर, ज्या सर्व्हरवर, ज्या फाँटवर आपला सगळा दिवस जातो, त्यांबद्दलचे निर्णय आपल्याशिवाय होत राहतात.

ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, किंवा येत नाही पण संगणक रोज हाताखाली असतो, अशा मराठी मुली आणि बायकांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं असं, की प्रकल्पातल्या जुन्या लोकांपेक्षा तुम्हाला जे जास्त कळतं तिथून आत शिरा, काम सगळ्यांसमोर करा, आणि किरकोळ दुरुस्त्यांवर थांबू नका.

आधी प्रकल्प पारखून घ्या

नवख्यांना बहुतेक जण ‘सोपं काम’ असं लेबल लावलेले बग (प्रोग्रॅममधल्या चुका) शोधायला सांगतात. मी आधी माणसं बघायला सांगेन. कोड शिकता येतो, पण उर्मट देखभालकर्त्याचा (प्रकल्पात कोणता बदल घ्यायचा ते ठरवणाऱ्याचा) स्वभाव तुमच्याने बदलणार नाही.

तुम्ही स्वतः वापरता अशा तीन-चार प्रकल्पांची यादी करा. फायरफॉक्स, लिबरऑफिस, वर्डप्रेस, व्हीएलसी, विकिपीडियामागचं मीडियाविकी, काहीही चालेल. मग प्रत्येकाचे अलीकडे बंद झालेले दहा-बारा पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सुचवणारे प्रस्ताव) उघडा आणि कोडकडे न बघता खालचा संवाद वाचा. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला उत्तर किती दिवसांत मिळालं? चूक दाखवताना कारण सांगितलं, की नुसतं ‘नाही’ म्हणून बंद केलं? शेवटी कुणी आभार मानले का? एवढ्या वाचनाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि पुढचे काही महिने वाचतात.

त्यानंतर दोन फाइली शोधा. एक योगदानाचे नियम सांगणारी, दुसरी आचारसंहितेची. अनेक प्रकल्पांनी ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ ही २०१४ मध्ये कोरलीन एडा एम्की यांनी लिहिलेली आचारसंहिता घेतलेली आहे. लिनक्सचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नल प्रकल्पानेही ती २०१८ मध्ये स्वीकारली. पण नुसती फाइल असून भागत नाही. तक्रार कुणाकडे करायची ते नावानिशी लिहिलंय का, आणि तक्रार बघणारे एकाहून जास्त जण आहेत का, हे बघा. ‘देखभालकर्त्याला मेल करा’ एवढंच असेल आणि देखभालकर्ता एकच असेल, तर त्याच्याविरुद्धची तक्रार तुम्ही कुणाकडे नेणार?

शेवटचं कमिट (कोडमध्ये नोंदलेला बदल) वर्षभरापूर्वीचं असेल तर तो प्रकल्प सोडून द्या, कितीही आवडत असला तरी.

नाव आणि ईमेल: हे आत्ताच ठरवा

गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कमिटबरोबर लेखकाचं नाव आणि ईमेल कायमचं नोंदलं जातं. प्रकल्पाची नक्कल जगभरात कुणीही उतरवून घेतं, त्यामुळे एकदा गेलेला पत्ता परत घेता येत नाही. घरच्यांच्या, बँकेच्या, शाळेच्या कामाचा ईमेल इथे वापरू नका. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेलच्या पानावर पत्ता खाजगी ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केलात की गिटहब तुम्हाला एक आडपडद्याचा पत्ता देतं. तोच आपल्या संगणकावरच्या गिटमध्ये टाका. त्याच पानावर, खरा पत्ता असलेलं कमिट चुकून वर जाऊ लागलं तर ते अडवण्याचीही सोय आहे. दोन्ही चालू ठेवा.

पूर्ण नाव द्यायचं की टोपणनाव, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. टोपणनाव घेतलंत तर ते सगळीकडे एकच ठेवा, म्हणजे काम एका ओळखीखाली साठत जाईल. लिनक्स कर्नल पॅचवर (पाठवलेल्या बदलावर) सही मागतं, आणि ती ओळखता येणाऱ्या माणसाची लागते. निनावी पॅच तिथे घेत नाहीत.

आता लग्नानंतर नाव बदलणाऱ्यांसाठी. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. माहेरच्या नावाने शंभर कमिट केली आणि मग नाव, ईमेल दोन्ही बदललं, तर गिटच्या हिशोबात तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती होता. योगदानाची यादी काढली की तुमचं काम दोन ठिकाणी विभागलेलं दिसतं, आणि जुनं काम नव्या नावाखाली सापडतच नाही. यावर गिटमध्येच उपाय आहे. प्रकल्पाच्या मुळाशी ‘मेलमॅप’ नावाची फाइल ठेवता येते (तिच्या नावाच्या सुरुवातीला एक टिंब असतं). तिच्यात एका ओळीवर आधी नवं नाव आणि नवा पत्ता, त्यापुढे जुनं नाव आणि जुना पत्ता लिहायचा. मग ‘शॉर्टलॉग’ ही आज्ञा चालवली की सगळी कमिट एका नावाखाली मोजली जातात. ही ओळ घालण्याचा पुल रिक्वेस्ट खुशाल पाठवा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. घटस्फोटानंतर जुन्या नावावर परत यायचं असेल तरी हीच फाइल कामी येते. फक्त जुनं नाव त्या फाइलमध्ये सगळ्यांना दिसतं, एवढं लक्षात ठेवा.

पहिलं काम: मराठीत काय बिघडतं ते शोधा

हजारो प्रोग्रॅमर असलेल्या प्रकल्पातही रोज मराठीत टाइप करणारं माणूस क्वचितच असतं. तिथे तुमचा शब्द अनुभवाचा ठरतो. एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवते.

‘ॲप’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. त्याआधी, आणि कितीतरी कीबोर्डांवर त्यानंतरही, लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देत आले. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी पहिलं एक चिन्ह आहे आणि दुसरी दोन चिन्हांची जोडी. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने शोधला की ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. मजकूर एका साच्यात आणण्याची युनिकोडची जी ठरलेली प्रक्रिया आहे, तीही या दोन रूपांना एक करत नाही. म्हणजे प्रोग्रॅमरने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं असलं तरी हा बग उरतोच. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधल्या अर्ध्या ‘र’चीही हीच गत आहे, तोही दोन पद्धतींनी लिहिला जातो.

तुमच्या आवडत्या प्रोग्रॅममध्ये हे करून बघा. बग सापडला तर आधी तो कुणी नोंदवलाय का हे शोधा. नसेल तर नवी नोंद करा, इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. तिच्यात इतकं हवं:

शीर्षक: मराठी शब्द दोन पद्धतींनी लिहिला असता शोधात सापडत नाही.
आवृत्ती: प्रोग्रॅमची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची.
कृती: नवा दस्तऐवज उघडा. ‘ॲप’ हा शब्द एका ओळीवर स्वतंत्र अक्षराने आणि दुसऱ्या ओळीवर जोडीने लिहा. मग पहिलं रूप शोधा.
अपेक्षा: दोन्ही ओळी सापडाव्यात.
घडतं ते: फक्त पहिली ओळ सापडते.
जोड: दोन्ही चिन्हांचे युनिकोड क्रमांक आणि पडद्याचं चित्र.

क्रमांक देणं सर्वात महत्त्वाचं. समोरच्याला देवनागरी वाचता येत नसेल, तरी क्रमांक बघून त्याला बग कळतो. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात देवनागरीच्या प्रकरणात ‘अ’वर चंद्राची जोडी वापरू नये असा तक्ता आहे, त्याचाही हवाला द्या. इतकी नेमकी नोंद करणारी व्यक्ती देखभालकर्त्यांच्या लक्षात राहते.

मग स्वतःच दुरुस्त करा

नोंदीखाली कुणी ‘पॅच पाठवाल का?’ असं विचारलं तर हो म्हणा. विचारलं नाही, तर ‘मी यावर काम करते आहे’ असं तुम्हीच लिहा.

क्रम नेहमीचाच. प्रकल्पाची नक्कल आपल्या खात्यावर घ्या (फोर्क), ती संगणकावर उतरवून आणा (क्लोन), बदलासाठी वेगळी शाखा म्हणजे ब्रँच काढा. काहीही बदलण्याआधी प्रोग्रॅम बिल्ड करून (कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करून) त्याच्या चाचण्या चालवा. मोठ्या प्रकल्पात यालाच एखादा आठवडा जातो, आणि इथेच पुष्कळ जणी मागे फिरतात. बिल्ड अडलं तर एररचा पूर्ण मजकूर घेऊन प्रकल्पाच्या सार्वजनिक गप्पांच्या जागी विचारा. सूचनांमधली एखादी पायरी जुनी झालेली आढळली तर ती सुधारणं हाच तुमचा पहिला पॅच होऊ शकतो. नवख्या माणसालाच या चुका दिसतात, जुन्यांनी ती पानं कित्येक वर्षं उघडलेली नसतात.

आपल्या उदाहरणात दुरुस्ती छोटी आहे. तुलना करण्यापूर्वी शोधायचा शब्द आणि मजकूर, दोन्हींतल्या जोडीच्या जागी स्वतंत्र अक्षर घ्यायचं. त्याबरोबर एक चाचणी लिहा, जी दुरुस्तीआधी नापास होते आणि नंतर पास. कमिटच्या पहिल्या ओळीत काय बदललं ते, मग एक ओळ मोकळी सोडून का बदललं ते. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट ठेवा; वाटेत दिसलेली दुसरी चूक वेगळी पाठवा.

कोड लिहायचा नसेल तर भाषांतर

कोडपेक्षा हे हलकं काम आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. फायरफॉक्सचं मराठीकरण पाँटून या मंचावर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर, तर वर्डप्रेसचं स्वतःचं भाषांतराचं ठिकाण आहे. सगळीकडे रीत साधारण एकच: तुम्ही वाक्य सुचवायचं, जुन्या भाषांतरकाराने ते मंजूर करायचं, आणि बरंच काम जमलं की मंजुरीचा हक्क तुमच्याकडे येतो.

बाईची नजर इथे कामाला येते. ‘अमुक गटात सामील झाला’ हे वाक्य इंग्रजीतून आलेलं असतं. तिथे क्रियापदाला लिंग नसतं, मराठीत ते द्यावंच लागतं, आणि भाषांतर करणारा पुरुष असला की सर्रास ‘झाला’ लिहून मोकळा होतो. मग प्रत्येक बाईच्या नावापुढे ‘झाला’ उमटत राहतं. मीडियाविकीत यावर थेट सोय आहे. संदेशातच लिंगानुसार वेगळी रूपं देता येतात, आणि सदस्याने आपल्या पसंतीत जे निवडलंय त्याप्रमाणे ‘झाला’ किंवा ‘झाली’ दिसतं. जिथे ही सोय नाही, तिथे वाक्य फिरवा: ‘अमुक यांनी गटात प्रवेश केला’. क्रियापद ‘प्रवेश’शी जुळतं आणि प्रश्नच मिटतो. एखाद्या संध्याकाळी बसून एका प्रकल्पातली अशी सगळी वाक्यं शोधून काढा; लाखो पडद्यांवर फरक पडतो.

रिव्ह्यूच्या वेळी

पुल रिक्वेस्ट पाठवल्यावर आठवडाभर काहीच उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा नसतो. बहुतेक देखभालकर्ते नोकरी सांभाळून हे करतात. आठवड्याने एका ओळीची नम्र आठवण द्या, आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

शेरे आले की प्रत्येकाखाली उत्तर लिहा. मान्य असेल तर बदल करून तसं सांगा, अमान्य असेल तर कारण द्या. ‘मी नवीन आहे, माझंच चुकत असेल, पण…’ ही प्रस्तावना गाळा. आपल्याला लहानपणापासून असं बोलायची सवय लावलेली असते, आणि इथे ती आड येते, कारण रिव्ह्यू करणारा तुमचा मुद्दा त्या प्रस्तावनेच्या वजनाने मोजतो. ‘ही दुरुस्ती अमुक कारणाने केली, चाचणी जोडली आहे’ एवढं पुरेसं आहे.

बाईच्या पॅचला वेगळी वागणूक मिळते, हे मनाचे खेळ नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिटहबवरच्या एका मोठ्या अभ्यासात स्त्रियांचे पुल रिक्वेस्ट एकूणात पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेल्याचं आढळलं: साधारण ७९ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण प्रकल्पाला अनोळखी असलेली व्यक्ती स्त्री आहे हे तिच्या खात्यावरून उघड कळत असेल, तेव्हा स्वीकाराचं प्रमाण पुरुषांपेक्षा खाली गेलं. म्हणजे काम चांगलं असूनही पॅच परत येऊ शकतो. कारण न देता तो बंद झाला तर त्याच जागी, सगळ्यांसमोर, कारण विचारा.

खाजगी निरोपांपासून जपून राहा

तांत्रिक बोलणं बगखाली किंवा सार्वजनिक गप्पांतच ठेवा. कुणी ‘थेट मला मेसेज कर, मी शिकवतो’ म्हणालं, तर ‘इथेच सांगा, बाकीच्यांनाही उपयोग होईल’ असं उत्तर द्या. चांगल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. निरोप नकोसे होऊ लागले तर उत्तर देत बसू नका. तारखेसकट चित्रं काढून ठेवा आणि आचारसंहितेत दिलेल्या पत्त्यावर काय घडलं ते क्रमाने लिहा. मराठी कुटुंबात अशा वेळी ‘कशाला त्या भानगडीत पडायचं, सोडून दे’ असा सल्ला हमखास मिळतो. सोडायचंच असेल तर प्रकल्प सोडा, क्षेत्र सोडू नका.

एकटीने वावरण्यापेक्षा सोबत शोधा. डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात २००४ पासून ‘डेबियन विमेन’ हा गट आहे, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्या स्त्रियांसाठी २०११ मध्ये सुरू झालेलं पायलेडीज आहे. पुण्या-मुंबईत फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या बैठका होतात. पहिल्यांदा जाताना मैत्रिणीला बरोबर न्या.

आउटरीची: पगारी तीन महिने

पॅच पाठवायला हात सरावला की हा अर्ज करा. वर्षातून दोन फेऱ्या असतात, एक मे ते ऑगस्ट आणि दुसरी डिसेंबर ते मार्च. काम घरून, आठवड्याला ३० तास, तीन महिने, आणि मानधन ७,००० अमेरिकी डॉलर. वय १८ पूर्ण हवं, आणि आधी आउटरीची किंवा समर ऑफ कोड केलेलं नसावं. कोडशिवाय डिझाइन आणि दस्तऐवजीकरणाचीही कामं असतात. कॉलेज चालू असेल तर कोणत्या फेरीत बसता येईल ते तुमच्या सत्राच्या वेळापत्रकावर ठरतं, म्हणून परीक्षांच्या तारखा हाताशी ठेवूनच फॉर्म भरा. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. कुणी पैसे मागितले तर तो फसवणारा समजा.

पहिल्या टप्प्यात निबंधवजा प्रश्न असतात: तुमच्या देशातल्या तंत्रज्ञान क्षेत्रात तुमच्यासारखे लोक कमी आहेत का, शिकताना कोणता पद्धतशीर भेदभाव झाला, नोकरी शोधताना कोणता होईल. इथे पुष्कळ जणी दोन मोघम वाक्यं लिहितात आणि बाद होतात. ‘मुलींना संधी कमी मिळते’ याने काही कळत नाही. कॉलेजची लॅब संध्याकाळी मुलांसाठी उघडी आणि मुलींना हॉस्टेलवर परतायची वेळ ठरलेली. मराठी माध्यमातून आल्याने पहिल्या वर्षी व्याख्यानं डोक्यावरून गेली. आडनावावरून जात विचारली गेली. घरात एकच संगणक आणि तो भावाचा. जे तुमच्याबाबतीत खरं असेल ते प्रसंगासकट लिहा. लाजू नका, हे प्रश्न त्यासाठीच आहेत.

निबंध मंजूर झाले की साधारण महिनाभराचा योगदानाचा काळ सुरू होतो. एखाद-दोनच प्रकल्प निवडा आणि रोज थोडं काम करा. प्रत्येक योगदान आउटरीचीच्या संकेतस्थळावर नोंदवायला विसरू नका, त्याशिवाय अंतिम अर्ज पुढे जात नाही. याच काळात इतर उमेदवारांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. मार्गदर्शकांना ते दिसतं.

घरच्यांशी आधीच बोला. आठवड्याचे ३० तास म्हणजे जवळजवळ नोकरीच झाली, ‘दिवसभर घरीच तर असते’ हे चालणार नाही. डॉलरमधलं उत्पन्न असल्याने बँकेचे कागद जपा आणि कर सल्लागाराला दाखवा.

हक्क मागून घ्या

सहा-आठ महिने नियमित काम झालं की बायकांच्या वाट्याला एक विशिष्ट प्रकारची कामं येऊ लागतात: बैठकीची टिपणं, नवख्यांचं स्वागत, प्रकाशनाच्या याद्या. ही कामं महत्त्वाचीच आहेत, पण कमिटच्या मोजदादीत ती दिसत नाहीत. ती करा, मात्र त्यांची नोंद सार्वजनिक ठिकाणी ठेवा आणि पाळीपाळीने फिरवण्याचा आग्रह धरा.

त्याच वेळी दुसऱ्यांचे पुल रिक्वेस्ट तपासायला लागा. त्यासाठी बहुतेक ठिकाणी परवानगी लागत नाही. बदल उतरवून चालवून बघा आणि काय आढळलं ते लिहा. तुमचे शेरे देखभालकर्ते मान्य करू लागले की मर्जचे, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये सामील करण्याचे, हक्क सरळ मागा: ‘या भागाचे मर्ज करण्याचे हक्क मला मिळतील का? गेल्या काही महिन्यांतली माझी कामं ही.’ कुणीतरी आपणहून देईल म्हणून वाट बघत बसू नका. बऱ्याच प्रकल्पांत मागितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही.

वरपर्यंत वाट आहे. वर्डप्रेसची ५.६ आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली, तिचं सगळं नेतृत्व स्त्रिया आणि नॉन-बायनरी व्यक्तींच्या चमूने केलं होतं. केरळच्या स्रुती चंद्रन २०२० आणि २०२१ मध्ये डेबियनच्या प्रकल्प-नेतेपदासाठी उभ्या राहिल्या.

थांबायची वेळ आली तर

बाळंतपण, आई-वडिलांचं आजारपण, बदली, नवी नोकरी. कारण काहीही असो, गुपचूप गायब होऊ नका. दोन ओळींची सूचना टाका: अमुक महिन्यापर्यंत मी काम करणार नाही, माझ्याकडचे हे दोन बग कुणीतरी घ्यावेत. अर्धवट ब्रँच आहे तशी वर चढवून तिचा दुवा द्या. हक्क वापरात नसतील तर तात्पुरते परत करा आणि परतल्यावर ते कसे मिळतील ते आत्ताच लेखी विचारून ठेवा. डेबियनमध्ये निवृत्त सदस्याचा रीतसर दर्जा आहे आणि तिथून पुन्हा सक्रिय होता येतं. तुमच्या प्रकल्पात तसा नियम नसेल, तर जाण्याआधी तो सुचवणारा पुल रिक्वेस्ट पाठवा.